मीटर म्हणतो बारा व्होल्ट, दिवा म्हणतो नाही
जुन्या ओम्नीच्या विजेचं दुखणं कसं शोधायचं?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी पासिंगला न्यायची, फिटनेस दाखवायचा आणि पुढच्या ५ वर्षांची मुदत पदरात पाडून घ्यायची. २०२१ मध्ये केंद्र सरकारचं स्क्रॅपेज धोरण आल्यापासून जुन्या गाडीवाल्यांना या तारखेची धास्ती जरा जास्तच वाटते. इंजिन ठणठणीत असतं, पत्रा रंगवून चकचकीत केलेला असतो आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी कळतं की मागचा एक दिवाच लागत नाही.

आमच्या गल्लीत एक केटरिंगवाले काका आहेत. त्यांच्या ओम्नीत मोठी पातेली, शेगड्या आणि चार वाढपी एकाच वेळी मावतात. कसे मावतात हे विचारू नये. पासिंगच्या आठवडाभर आधी त्यांच्या गाडीला भुताटकी झाली. ब्रेक दाबला की मागचा डावा लाल दिवा लागायचा नाही, पण डॅशबोर्डावरचे काट्यांमागचे दिवे मात्र मिणमिणायचे. पाय काढला की विझायचे. बल्ब बदलून झाला, ब्रेकचा स्विच बदलून झाला. मग एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "काका, वायरिंग संपली आता. सगळी नवी टाकावी लागेल."

वायरिंग संपली नव्हती. दुखणं एका स्क्रूत होतं. ते कसं, हे कळायला विजेची दोन-तीन सूत्रं समजून घ्यावी लागतात. ती एकदा समजली की ओम्नीच काय, जुनी कुठलीही व्हॅन निम्मी घरच्या घरी तपासता येते.

ओम्नीच का घेतली? ही गाडी १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आली. सुझुकीच्या कॅरी गाडीची ती भारतीय बहीण. १९८८ मध्ये नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी एकही ओम्नी नवी नाही. शाळेची मुलं, भाजी, मंडपाचं सामान, गावाकडची रुग्णवाहिका अशी सगळी कामं तिने केली आणि प्रत्येक मालकाने तिच्यात आपापल्या गरजेची एखादी वायर वाढवली. वीस वर्षांत चार मालक झाले असतील, तर डॅशबोर्डाखाली चार जणांची वायरिंग निघते.

विजेला जायला रस्ता लागतो, तसा यायलाही

गावाकडची एसटी आठवा. संध्याकाळी मुक्कामाला आलेली गाडी सकाळी परत तालुक्याला जाते, म्हणून पुन्हा संध्याकाळी येते. परतीच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला तर येणाऱ्या रस्त्यावर खड्डा नसूनही दुसऱ्या दिवशी गाडी येणार नाही. विजेचंही तसंच आहे. बॅटरीच्या प्लसमधून निघालेली वीज दिव्यातून जाऊन मायनसपर्यंत परत आली, तरच दिवा लागतो.

गाडीत जायच्या वायरी दिसतात: लाल, हिरवी, पांढरी, काळ्या पट्ट्याची. परतीचा रस्ता मात्र सहसा दिसतच नाही, कारण तो म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचा मायनस जाड वायरने बॉडीला जोडलेला असतो आणि प्रत्येक दिव्याची, मोटरची एक छोटी वायर जवळच्या पत्र्यावर स्क्रूने कसलेली असते. यालाच 'अर्थ' म्हणतात. घरातल्या अर्थिंगशी याचा संबंध नाही. घरात अर्थिंग जिवाच्या सुरक्षेसाठी असतं, तर गाडीत अर्थ हा विजेचा रोजचा परतीचा रस्ता असतो. तांबं वाचावं म्हणून केलेली ही जुनी युक्ती आहे आणि पत्रा नवा असेपर्यंत ती उत्तम चालते.

पत्रा गंजला, रंगवला किंवा वेल्डिंग करून बदलला की परतीच्या रस्त्याचे हाल सुरू होतात. आपण मात्र लाल-हिरव्या वायरींत दुखणं शोधत बसतो. माझ्या अनुभवात जुन्या गाडीतल्या विजेच्या तक्रारी वायर तुटल्यामुळे क्वचित येतात. त्या येतात सांध्यांतून, आणि सांध्यांतही आधी अर्थच्या.

चाळीचा नळ आणि बारा व्होल्ट

जुन्या चाळीत लोखंडी पाइप आतून गंजून बोटाएवढा उरलेला असतो. नळ बंद ठेवून दाबमापक लावला तर टाकीच्या उंचीइतका पुरेपूर दाब दिसेल. नळ उघडा, करंगळीएवढी धार येते. मग दाब खोटा होता का? नाही. पाणी वाहत नव्हतं तोवर गंजाने कुणाला अडवलंच नव्हतं.

विजेचा दाब म्हणजे व्होल्ट. वाहणाऱ्या विजेचं प्रमाण म्हणजे अँपिअर. वाटेतला अडथळा म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे: अँपिअर गुणिले ओहम म्हणजे त्या अडथळ्यात वाया गेलेले व्होल्ट. वीज वाहतच नसेल तर अँपिअर शून्य, म्हणून वाया गेलेले व्होल्टही शून्य. मीटर (म्हणजे वीज मोजायचा मल्टिमीटर) अशा वेळी तोंडभर बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, "वायर तर बरोबर आहे!"

सेल्फचं, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचं, उदाहरण घेऊ. छोट्या इंजिनाचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवरच्या मळात ०.०२ ओहम, म्हणजे एका ओहमचा पन्नासावा भाग, एवढाच रोध असला तरी १०० गुणिले ०.०२ म्हणजे २ व्होल्ट तिथेच गिळले जातात. सेल्फला मिळतात दहाच्याही खाली. तो "घुऽऽ घुऽऽ" करतो आणि आपण बॅटरीला शिव्या देतो. त्याच टर्मिनलमधून एका छोट्या दिव्याचा अर्धा अँपिअर गेला तर नुकसान होतं ०.०१ व्होल्टचं, ते कुणाच्या डोळ्यांनाही दिसणार नाही. "केबिनचा दिवा तर झकास लागतो, म्हणजे बॅटरी आणि वायर ठीक" हा निष्कर्ष म्हणूनच फसवतो.

आणि हा ०.०२ ओहम मीटरच्या ओहमच्या खुणेवर मोजता येत नाही. बाजारातल्या साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो.

मग मोजायचं काय?

वाया गेलेले व्होल्ट. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. आपण याला 'गळती' म्हणू, म्हणजे पुढे सोपं जाईल. नियम एकच: मोजताना तो दिवा, ती मोटर चालू असली पाहिजे. नळ उघडा ठेवूनच दाब बघायचा.

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. समजा हेडलाइट मंद आहे. हेडलाइट लावा. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर धरा. टर्मिनलच्या पट्टीवर नाही, शिशाच्या खुंटावर. लाल सुई दिव्याच्या कपलरमध्ये (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडणीत) अर्थच्या पिनेला लावा. मीटर आता परतीच्या सगळ्या रस्त्यात किती व्होल्ट मेले ते सांगतोय. ०.१ किंवा ०.२ आलं तर परतीचा रस्ता चांगला. एक-दीड व्होल्ट आला तर चोर सापडला. मग लाल सुई टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे सरकवत यायची: पिनेवरून स्क्रूवर, स्क्रूवरून शेजारच्या खरवडलेल्या पत्र्यावर, तिथून मायनसच्या वायरीच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर), मग टर्मिनलच्या पट्टीवर. ज्या टप्प्यावर आकडा धपकन खाली येतो, दुखणं त्या टप्प्यात. जायच्या बाजूलाही तसंच, फक्त एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी दिव्याच्या प्लस पिनेवर.

यात काही सोडवावं लागत नाही, कापावं लागत नाही, नवा पार्ट आणावा लागत नाही. तरीही गल्लीबोळातल्या गॅरेजात ही तपासणी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. आधी पार्ट बदलायचा आणि नाही जमलं तर पुढचा बदलायचा, हीच रीत जास्त.

टेस्ट लॅम्प पुरेसा नाही का?

वायरमन काकांच्या हातात एक दिवा असतो: एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोचणी. त्याची थट्टा करू नका. वीज पोहोचतेय की नाही हे तो मीटरपेक्षा झटकन सांगतो आणि स्वतः थोडी वीज ओढत असल्यामुळे मीटरइतका भोळाही नाही. सांध्यात गंजलेल्या वायरीत मीटर बारा दाखवेल आणि मोठा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प मिणमिणेल. पण किती कमी आणि कुठे कमी, हे त्याला सांगता येत नाही. दोन्ही ठेवावेत. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत येतो. एका चुकीच्या बदललेल्या पार्टपेक्षा स्वस्तच.

काकांच्या भुताचा उलगडा

मागच्या लाल दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात: ब्रेकची २१ वॅटची आणि रात्रीच्या पार्किंग दिव्याची ५ वॅटची. जायचे रस्ते वेगळे, परतीचा अर्थ दोघींचा एकच.

हा अर्थ तुटला तर? ब्रेक दाबल्यावर वीज २१ वॅटच्या तारेतून पलीकडे येते, अर्थकडे बघते तर पूल वाहून गेलेला. मग तिला दुसरी वाट दिसते: शेजारच्या ५ वॅटच्या तारेतून उलटं शिरायचं. तिथून ती पार्किंग दिव्यांच्या वायरीत पोहोचते. ही वायर गाडीभर फिरलेली असते, पुढच्या पार्किंग दिव्यांना, नंबर प्लेटच्या दिव्याला, डॅशबोर्डाच्या दिव्यांना. या सगळ्यांचे अर्थ शाबूत आहेत, म्हणून वीज त्यांच्यातून घरी जाते आणि जाता जाता त्यांना मिणमिणवून जाते. एवढा वळसा घेतल्यावर उरलेला प्रवाह २१ वॅटची तार तापवायला पुरत नाही, म्हणून ब्रेकचा दिवा मात्र काळाच.

म्हणजे एका ठिकाणी बटण दाबलं आणि भलतीकडचं काही लागलं, तर नव्वद टक्के वेळा अर्थ बघा, असं मी म्हणेन. (हे नव्वद टक्के कुठल्या पाहणीतले नाहीत, माझ्या चिडचिडीतले आहेत.) इंडिकेटर दिला की लाल दिवाही उघडझाप करतो, हेडलाइट लावला की तापमानाचा काटा वर चढतो, वायपर लावला की रेडिओ खरखरतो, ही सगळी याच घराण्यातली पिल्लं.

काकांना मी पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून?" ते म्हणाले, "रंग दिल्यापासून." पासिंगला गाडी उठून दिसावी म्हणून त्यांनी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. पेंटरने दिवा उतरवला, कोपऱ्यात पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात मारले आणि अर्थचा स्क्रू त्या रंगावरच कसला. पुट्टी आणि रंग दोन्ही विजेला भिंतीसारखे. पत्रा स्क्रूभोवती रुपयाएवढा खरवडला, थिंबल पॉलिश पेपरने घासली, स्क्रू कसला आणि वरून व्हॅसलीन लावलं. पंधरा मिनिटांचं काम. दुखणं सुरू व्हायच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय झालं, हा प्रश्न मीटरच्याही आधी विचारायचा तो एवढ्यासाठी.

सांधे खराब का होतात?

कल्हई उडालेलं पातेलं आठवतंय? आत हिरवट डाग दिसले की आजी त्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणून. वायरीतल्या तांब्याचंही तेच होतं. दमट हवा आणि मीठ लागलं की हिरवा कळक चढतो. तो वीज नीट जाऊ देत नाही आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली आत सरकत जातो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहणारी गाडी आणि सोलापूर-जालन्याकडची गाडी यांच्या वायरी सोलून शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. म्हणूनच समुद्रातल्या बोटींसाठी कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते. कथलाचा मुलामा म्हणजे कल्हईच!

दुसरं कारण हादरे. तिसरं उष्णता: ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तिथल्या वायरींचं आवरण वर्षानुवर्षं भाजून पापडासारखं होतं. आणि चौथं कारण आपण स्वतः. वायर सोलायची, दुसरी पिळायची, काळी टेप गुंडाळायची. उन्हाळ्यात टेपचा चिकटा सुटतो, पावसाळ्यात त्यात पाणी बसतं. जोड द्यायचाच असेल तर दाबून बसवायची स्लीव्ह वापरा किंवा डाक द्या, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि तो जोड पाणी साचेल अशा जागी ठेवू नका.

सेल्फ बोलतो ते ऐका

चावी फिरवल्यावर "टकटकटकटक" असा ताशा वाजला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड (म्हणजे विजेने ओढला जाणारा जाड स्विच) बसतो, त्यासरशी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा बसतो. एकच ठसठशीत "टक्" आणि पुढे शांतता, तर वीज सोलेनॉइडपर्यंत पोहोचली, पण मोटर फिरेना: आतले संपर्क जळलेत, कार्बन ब्रश संपलेत किंवा जाड वायरीत गळती आहे. काहीच आवाज नाही, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासा.

इथे इंजिनाच्या अर्थबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण ते बहुतेकांना माहीत नसतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की ही पट्टी परत लावायची विसरते, किंवा ती गंजून गळून पडते. तरीही गाडी कधीकधी चालू होते, कारण सेल्फची वीज परतीसाठी क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची लोखंडी केबल शोधते. त्या बिचाऱ्या केबलमधून एवढा मोठा प्रवाह गेला की ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि केबल जाम होते. वारंवार केबल जाम होत असेल, तर नवी केबल टाकण्याआधी ही पट्टी बघा. एक जण सेल्फ मारेल, दुसऱ्याने मीटरची एक सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर धरावी. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला तर पट्टी किंवा मायनसची वायर दोषी. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला, हे सांगायला नको.

"नवी बॅटरी टाकली की झालं ना?"

होईल, काही दिवस. सगळ्यात खोटा दिलासा हाच. नव्या बॅटरीचा दम जास्त असतो, ती गंजलेल्या वाटेतूनही रेटून नेते आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी मोजा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आता सेल्फ मारताना बघा: भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली घसरली तर ती खरंच म्हातारी झाली. मग इंजिन चालू ठेवून बघा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. साडेबारावरच अडून बसला तर चार्जिंगच होत नाही, आधी बेल्टचा ताण बघा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (गॅरेजच्या भाषेत कटआउट) बिघडलाय आणि तो बॅटरी उकळून मारणार.

डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) चालतो का हे बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची, ही पद्धत अजून जिवंत आहे. गाडी बंद पडली नाही तर डायनामो चांगला, असा तर्क. तो जुन्या खऱ्याखुऱ्या डायनामोच्या काळातला. आता ज्याला आपण सवयीने डायनामो म्हणतो तो अल्टरनेटर असतो. बॅटरी त्याच्यासाठी धक्के झेलणाऱ्या गादीसारखी. ती अचानक काढली तर व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कंप्यूटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत इंजिनाचा कंप्यूटरही सोबत जाऊ शकतो. तुमच्या गाडीवर कुणी हे करू लागलं तर हात धरा.

बॅटरी चांगली, चार्जिंगही चांगलं, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी उठत नाही? मग कुणीतरी रात्री वीज खातंय. चावी काढलेली, दारं बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. ओम्नीत सहसा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बसते. ५० मिलिअँपिअरने ती रिकामी व्हायला ७०० तास, म्हणजे महिनाभर लागेल. पण खर्च अर्धा अँपिअर असेल तर ७० तास, म्हणजे तीन दिवस, आणि गाडी त्याआधीच उठणं बंद करते. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीचा मायनस सोडवा आणि खुंट व सुटलेली वायर यांच्यामध्ये मीटर जोडा. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, खाणारा त्याच्या ओळीत. बहुतेकदा तो नंतर बसवलेला स्टिरिओ, ट्रॅकर किंवा विझायचं विसरलेला केबिनचा दिवा निघतो. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका आणि मोजून झाल्यावर लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला.

बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर बॅटरीची सगळी ताकद त्या पान्यातून जाते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

फ्यूज म्हणजे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो उडाला म्हणून त्याच्या जागी नाणं ठोकणारा माणूस घरात कुणी ठेवून घेत नाही. गाडीत मात्र सिगारेटच्या पाकिटाची चांदी, वायरीची तार, १० च्या जागी ३० चा फ्यूज सर्रास दिसतो. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती जळते सीटच्या कापडाखाली.

शॉर्ट म्हणजे विजेने दिव्याला वळसा घालून थेट पत्रा गाठणं. ते शोधायला एक झकास युक्ती आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरी लावलेला २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, आणि तोच वाटेत उभा असल्यामुळे दोन अँपिअरहून जास्त वीज जाणारच नाही. आता त्या ओळीतले सगळे दिवे-मोटरी बंद ठेवून वायरिंग बोटांनी हलवत चला: दाराच्या बिजागरापाशी, डॅशबोर्डाच्या पत्र्याच्या धारेपाशी, मागच्या दाराच्या रबरी नळीत. बल्ब जिथे विझतो किंवा लुकलुकतो, तिथे वायर सोललेली आहे. गावाकडे उभी असणारी गाडी असेल तर उंदरांनाही आरोपींत धरा.

मोठा हॅलोजन, एलईडी आणि शेतपंपाचा स्टार्टर

हेडलाइट मंद म्हणून ९० वॅटचा बल्ब टाकणारे पुष्कळ. मूळचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, दोन मिळून नऊ. ९० वॅटचे दोन पंधरा अँपिअर घेतात. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे अडीच पटीहून जास्त. कपलर पिवळा पडतो, मग वितळतो. आणि गळती वाढल्यामुळे दिव्याला व्होल्ट मिळतात आणखी कमी. हॅलोजनचं गणित इतकं निष्ठुर आहे की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे गळती काढली तर मूळचा बल्बच पुन्हा लखलखेल.

त्याहून चांगला उपाय रिले. शेतपंपाचा स्टार्टर पाहिलाय ना? आपण हिरवं बटण बोटाने दाबतो, मोटरची वीज त्या बटणातून जात नाही. आत जाड संपर्क बसतो, तो वीज नेतो. रिले हा त्याचाच धाकटा भाऊ. डॅशबोर्डाचा जुना स्विच फक्त हुकूम देतो आणि हेडलाइटला वीज बॅटरीकडून जाड वायरीने, स्वतंत्र फ्यूजमधून मिळते.

"एलईडी लावले तर भारच कमी, मग प्रश्नच मिटला?" इंडिकेटरच्या बाबतीत नवा प्रश्न सुरू होतो. जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) दोन २१ वॅटच्या बल्बांचा भार गृहीत धरून चालतो. एलईडीचा भार नगण्य, म्हणून तो भलत्याच वेगाने टिकटिकतो किंवा मुळीच चालत नाही. एलईडीसाठीचा फ्लॅशर टाकावा लागतो. साध्या बल्बच्या गाडीत एका बाजूचा इंडिकेटर अचानक घाईत आला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याचा अर्थ गेलाय.

सगळी वायरिंग कधी बदलायची?

आवरण हातात तुटून येत असेल, वायर कुठेही सोलली तरी आत काळी-हिरवीच निघत असेल, किंवा एकदा आग लागून गेली असेल, तर बदलाच. नाहीतर नको. मूळची वायरिंग कारखान्यात एका मापात, रंगांच्या एका हिशेबाने बांधलेली असते. गल्लीत हाताने बांधलेल्या वायरिंगमध्ये बरेचदा सगळीकडे लालच वायर निघते आणि पुढच्या वायरमनला शोधायला दुप्पट वेळ लागतो. त्यापेक्षा एक रविवार काढून नंतर वाढवलेल्या वायरी आधी उपटा: बंद पडलेला सायरन, म्युझिकल हॉर्न, कधीकाळच्या मालकाच्या निळ्या पट्ट्या. मग बॅटरीचे दोन्ही टर्मिनल, इंजिनाची पट्टी आणि चारही कोपऱ्यांतले अर्थ घासून घ्या. उरलेली तक्रार मग मीटरने शोधा.

एलपीजी किंवा सीएनजी किट असलेल्या गाडीत मात्र किटच्या वायरींना आपण हात लावायचा नाही, ते अधिकृत किटवाल्याकडूनच. आणि गॅसचा वास येत असेल तर टेस्ट लॅम्प, मीटर, चावी काहीच नको. दारं उघडा आणि लांब जा.

काकांची गाडी पास झाली. पुन्हा शोधाशोध नको म्हणून त्यांनी त्या स्क्रूकडे बोट दाखवणारा लाल ऑइलपेंटचा बाण आतल्या पत्र्यावर काढून ठेवलाय. पुढच्या वेळी पेंटर तोही रंगवून टाकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.